नट साठ-सत्तर वर्षं टिकतो, तो कशाच्या जोरावर?

अनगोळवेस

नमस्कार मंडळी.

माझे बाबा ८४ वर्षांचे आहेत. गावच्या नाटकात त्यांनी चाळीस वर्षं कामं केली. राजाचा प्रधान, नायकाचा मित्र, पाटलाचा दिवाणजी, अशी. काचबिंदूमुळे आता त्यांना वाचता येत नाही, म्हणून दिवेलागणीनंतर मी रोज वाचून दाखवते. गेल्या महिन्यात खडेबाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात जॉर्ज बर्न्स या अमेरिकन विनोदी नटाच्या आठवणींचं पुस्तक सापडलं. इंग्रजी आहे. मी एक पान मनात वाचते आणि आपल्या भाषेत सांगते. बाबा मांडीवर थाप मारून हसतात. "म्हातारा लई बेस बोलूलालाय," म्हणतात.

ज्यांना हा नट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जन्म १८९६, न्यूयॉर्क. खरं नाव नेथन बर्नबाउम. सुरुवात वोडेव्हिलमध्ये. म्हणजे एकाच तिकिटात गाणं, नाच, नकला, जादू, जनावरांचे खेळ, एकामागून एक. गावोगाव फिरायचं, रेल्वेत झोपायचं. आपल्या कंपन्यांसारखंच. पुढे रेडिओ, मग १९५० ते १९५८ टीव्ही. वयाच्या ८० व्या वर्षी ऑस्कर. १९८३ मध्ये, ८७ व्या वर्षी, शंभर वर्षं कसं जगावं यावर एक विनोदी पुस्तक लिहिलं आणि खरोखरच १०० वर्षं ७ आठवडे जगला. मार्च १९९६ मध्ये गेला.

एका जागी मात्र बाबांनी मला थांबवलं. ग्रेसी अ‍ॅलनबरोबर त्याने जोडी जमवली तेव्हा सगळे विनोद त्याने स्वतःकडे ठेवले होते. ग्रेसीने साधे प्रश्न विचारायचे आणि याने टाळी घ्यायची. पण लोक तिच्या प्रश्नांनाच हसायला लागले, याच्या उत्तरांना नाही. तेव्हा याने सगळं उलटं केलं. विनोद तिला दिले आणि प्रश्न आपण घेतले. पुढे तीस-पस्तीस वर्षं तो सिगार हातात धरून तिला प्रश्न विचारत उभा राहिला.

"परत सांग," बाबा म्हणाले. मी परत सांगितलं. मग त्यांनी चहा मागितला आणि त्या संध्याकाळी पुढचं काही ऐकलं नाही.

तर माझे दोन प्रश्न. नट इतकी वर्षं टिकतो तो कशावर? आणि आपल्या भागातल्या जुन्या नटांच्या अशा हसऱ्या आठवणी कुणाच्या घरात आहेत का? लिहिलेल्या असोत वा नुसत्या सांगितलेल्या.

शहापूरचा_माग

तब्येत आणि पाठांतर. बाकी सगळं नंतर. आमच्या शेजारचे काका पंचाहत्तरीत एक अख्खा अंक, सगळ्या पात्रांसकट, म्हणून दाखवायचे. मागाच्या खडखडाटात पाठ केलेलं, म्हणून डोक्यातनं कधी हललं नाही, असं सांगायचे.

निपाणीची_सून

टिकण्याचा विषय निघाला आणि निपाणीचं नाव आलं नाही असं कसं होईल? प्रभाकर पणशीकर! 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग १९६२ चा, दिल्लीत. त्यातला लखोबा लोखंडे आमच्या निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, नावं बदलून बायकांना फसवणारा. अत्र्यांनी ते लिहिलं आणि पणशीकरांनी आयुष्यभर केलं. माझं लग्न ठरलं तेव्हा पुण्याच्या आत्याने पहिला प्रश्न विचारला, "निपाणीचा मुलगा? नाव नीट विचारून घेतलं ना?" मांडवात सगळे हसत होते, आणि सासरे सगळ्यात जास्त.

पण एक सांगते. त्या सिगारचं कौतुक करू नका. माझ्या सासूबाईंनी तीस वर्षं विड्या वळल्या. रात्री त्यांना जो खोकला यायचा तो मी शेजारच्या खोलीतून ऐकलेला आहे. सिगार ओढून माणूस शंभरी गाठतो असं कुणी हसत सांगितलं तरी मला हसू येत नाही.

नाडीपरीक्षा

निपाणीची_सून, अगदी बरोबर बोललात. मी पेशाने डॉक्टर आहे. शंभरी गाठलेल्या एकाला विचारून काही कळत नाही. त्याच सवयीने साठीत गेलेले सांगायला उरत नाहीत.

बर्न्सची मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे. १९७४ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्याची हृदयाची बायपास झाली. त्या काळात हे ऑपरेशन आजच्यासारखं रोजचं नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा जिवलग मित्र जॅक बेनी गेला. बेनीसाठी ठरलेली म्हाताऱ्या वोडेव्हिल नटाची भूमिका मग याच्याकडे आली आणि तिलाच ऑस्कर मिळालं. त्याआधी १९३९ पासून त्याने चित्रपटात अशी भूमिका केलेली नव्हती. मित्राची रिकामी जागा भरायला ७९ व्या वर्षी उभं राहायचं, आणि तेही लोकांना हसवायला. ही ताकद कुठल्या रिपोर्टात दिसत नाही.

अनगोळवेस

@निपाणीची_सून, तुमचं म्हणणं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे ते. पण ते सिगार ओढण्यासाठी नाही, थांबण्यासाठी हातात असणार." लोक हसत असताना पुढचं वाक्य टाकलं की वाया जातं. मग तेवढा वेळ नटाने करायचं काय? हाताला काम लागतं. बाबांच्या हातात पानाचा रिकामा डबा असायचा. हसू ओसरेपर्यंत तो उघडायचा, बघायचं, बंद करायचा. पान बाबांनी आयुष्यात खाल्लेलं नाही.

निपाणीची_सून

रिकामा डबा! हे मला पटलं. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

सौंदत्ती_रस्ता

माझी आई कन्नड, वडील मराठी, त्यामुळे मी दोन्हीकडची नाटकं बघत वाढलो. टिकलेला नट म्हटलं की माझ्यापुढे एकच नाव येतं, एणगी बाळप्पा. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या एणगी गावचे. जन्म १९१४, गेले ऑगस्ट २०१७ मध्ये. म्हणजे १०३ वर्षं. तुमच्या बर्न्सपेक्षा जास्त! लहानपणीच रंग लावला, पुढे स्वतःची कलावैभव नाट्यसंघ ही कंपनी चालवली. त्यांचा बसवेश्वर बघायला आमची आज्जी बैलगाडीतून गेली होती. प्रवेश झाला तशी तिने तंबूत बसल्या जागी हात जोडले आणि पडदा पडेपर्यंत सोडले नाहीत, असं आई सांगते. बर्न्सनेही ऐंशी उलटल्यावर चित्रपटात देवाची भूमिका केली होती. पण त्याच्यापुढे कुणाच्या आज्जीने हात जोडले असतील असं वाटत नाही.

आणखी एक. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. तेही याच जिल्ह्यातलं. जन्म १८४३, गेले १८८५ मध्ये, तिथेच, गुर्लहोसूरला. ४२ वर्षं फक्त. एकाच जिल्ह्याच्या मातीतला एक ४२ वर्षं जगला, एक १०३. लहानपणापासून मी या दोन आकड्यांचा विचार करत आलोय.

खानापूर_घाट

@सौंदत्ती_रस्ता यांनी विषय काढलाच आहे तर मी धाग्याच्या प्रश्नालाच विरोध नोंदवतो. वर्षं मोजून टिकणं ठरत नाही. अण्णासाहेबांचं 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात लागलं आणि पाच वर्षांत ते गेले. पण त्या पाच वर्षांवर मराठी रंगभूमी पुढची पन्नास वर्षं जेवली. केशवराव भोसले घ्या. जुलै १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. वय ३१. आमचे आजोबा तेव्हा जन्मलेही नव्हते, तरी त्या प्रयोगाबद्दल पाहिल्यासारखं बोलायचे. ऐकून ऐकून! आता सांगा, हे टिकणं नाही?

गणपत_गल्ली_४

@खानापूर_घाट, ते नाव टिकणं झालं. धागा विचारतोय नट उभा कसा राहतो, रोज संध्याकाळी, गुडघे दुखत असताना. दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

बर्न्स आणि बालगंधर्व शेजारी ठेवून बघा. दोघं जवळपास एका वयाचे. बालगंधर्व १८८८, बर्न्स १८९६. दोघांच्याही पायाखालची फळी एकाच गोष्टीने सरकवली, बोलपटाने. तिकडे वोडेव्हिलची थिएटरं चित्रपटगृहं झाली. इकडे नाटक कंपन्यांचे तंबू उठले. बर्न्स रेडिओत गेला, आवाजावर जगला, मग टीव्हीत गेला. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातचा 'धर्मात्मा' केला, एकनाथांची भूमिका, पुरुषाची. आणि परत फिरले. त्यांना समोर माणसं लागायची, वन्समोअर लागायचा. कॅमेरा वन्समोअर देत नाही. पन्नाशीत ते पुन्हा लुगडं नेसून उभे राहिले, अंगावर कर्ज असताना. काही लोक याला हट्ट म्हणतात. मला ते ऐकवत नाही. ज्या माणसाला फक्त एकाच जागी श्वास घेता येतो, त्याने दुसरीकडे जावं असं आपण कोण सांगणार?

खानापूर_घाट

बालगंधर्वांबद्दल लिहिलंत त्याला हात जोडून मान्यता. बाकी माझं मत कायम.

शहापूरचा_माग

दोघंही खरं बोलूलालासा. भांडू नका, कुंदा घेऊन येतो.

सौंदत्ती_रस्ता

कुंदा आणणार असाल तर मी करदंट आणतो. आणि थोडं अवांतर, पण राहवत नाही म्हणून. मराठी नाटक आणि कन्नड नाटक हे दोन वेगळे डबे नाहीत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. त्याच्या आधी होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी तिथे खेळ करून गेली होती आणि तशी नाटकं आपल्याकडे करावीत ही कल्पना तिथून आली. आणि पुढे मराठी संगीत नाटकं बघून उत्तर कर्नाटकातल्या कंपन्या उभ्या राहिल्या. आमच्या घरात आई एका भाषेत गुणगुणायची, वडील दुसऱ्या, आणि चाल एकच असायची.

चंदगडी_वाट

मी सीमेच्या पलीकडचा, पण बाजार बेळगावचाच. माझ्याकडे पुस्तक नाही, थोरले मामा आहेत. त्यांची गोष्ट लिहितो, जरा लांब आहे.

आमच्या गावात यात्रेला नाटक असतंय. पडदे आणि ड्रेपरी भाड्यानं, नायिका कोल्हापूरहून नाहीतर सांगलीहून, बाकी सगळी गावची पोरं. मामा कायम नोकर. पस्तीस वर्षं नोकर. एकदा त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही कधी हिरो का झाला नाही?" तर म्हणाले, "अरे, हिरोला लग्न झालं की घरात कामं लागतात. नोकराला कोण काढतंय?"

एके वर्षी नायक होता नवा, मुंबईत गिरणीत कामाला असलेला, यात्रेला आलेला. दिसायला एकदम राजबिंडा. तालमी जेमतेम चार झालेल्या. दुसऱ्या अंकात नोकरावर चिडून लांबलचक भाषण करायचं होतं. उभा राहिला तो उभाच. एक शब्द आठवेना. प्रॉम्प्टर विंगेतनं ओरडूलालाय, तो पहिल्या रांगेला ऐकू जाऊलालाय, पण याला नाही. शेवटी मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हळूच त्याच्या पायाजवळ बसले आणि म्हणाले, "मालक, तुम्ही आता मला शिव्या देणार. कालच्या दुधाच्या भांड्यावरनं सुरू करा, म्हणजे मला बी आठवंल मी काय काय केलंय."

तंबू कोसळायचा राहिला. आणि त्या हशात नायकाला भाषण आठवलं! असं म्हणाला की लोकांनी टाळ्यांनी डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी गावभर नायकाचं कौतुक. मामांचं नाव कुणी काढलं नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा. मला फार वाईट वाटलं, मी रडलो. मामा म्हणाले, "येडा हाईस काय? पुढच्या वर्षी तो नाटकात ऱ्हाईल काय? ऱ्हाणार. घाबरून पळून गेला असता तर आमच्यात एक माणूस कमी झाला असता."

तो नायक पुढे सहा वर्षं यात्रेला रजा काढून येत राहिला. त्याच्यानंतर आणखी तीन नायक झाले. मामा नोकरच.

नाडीपरीक्षा

दवाखान्यात दोन पेशंटच्या मध्ये हे वाचलं. पुढच्या पेशंटला वाटलं डॉक्टरांना सर्दी झालीय.

गणपत_गल्ली_४

@चंदगडी_वाट, तुमच्या मामांना अशोक सराफांचं एक पुस्तक नक्की वाचायला द्या, 'मी बहुरूपी'. सराफांचं मूळ घराणं बेळगावचं, म्हणून आमच्या गल्लीत त्यांच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत. मामा गोपीनाथ सावकार स्वतः रंगभूमीवरचे. बँकेत नोकरी करत करत नाटक, मग १९७५ चा 'पांडू हवालदार', मग १९८८ चा 'बनवाबनवी'. त्यातला त्यांचा धनंजय माने नीट बघा. गोंधळ बाकीचे घालतात, विचित्र रूपं बाकीच्यांची. हा माणूस मध्ये उभा राहून सगळ्यांना धरून ठेवतो. हशा लक्ष्याच्या वाट्याला जातो तेव्हा त्याच्या आधीचं वाक्य कुणाचं आहे ते ऐका. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते आणि काम चालूच होतं.

चिंतामणराव कोल्हटकरांचं आत्मचरित्रही 'बहुरूपी'च होतं. त्याला साहित्य अकादमी मिळालं, १९५८ मध्ये. नटांना हा शब्द सोडवत नाही असं दिसतं.

खानापूर_घाट

मी काल रात्री 'बनवाबनवी' पुन्हा लावला आणि फक्त सराफांचे कान बघितले. खरं सांगतो, कान! समोरचा बोलत असताना हा माणूस ऐकतो. नुसता आपल्या वाक्याची वाट बघत नाही. माझा विरोध थोडा सैल करतोय.

पहिली_घंटा

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. फेब्रुवारी २०१५ मध्ये बेळगावात ९५ वं नाट्य संमेलन झालं, फैयाजबाई अध्यक्ष होत्या. मी तेव्हा कॉलेजात होते, स्वयंसेवक. गावोगावची हौशी मंडळी आली होती. एक पांढऱ्या केसांचे आजोबा मला विचारत होते, "बाळ, इथं प्रॉम्प्टर लोकांना बसायला कुठं जागा आहे?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांना मी पहिल्या रांगेच्या टोकाला बसवलं आणि त्यासाठी बोलणी खाल्ली. आता हा धागा वाचताना ते आठवलं. बोलणी खाल्ली ते बरंच झालं.

निपाणीची_सून

@पहिली_घंटा, तू अशीच लिहीत जा ग.

@अनगोळवेस, एक विचारायचं राहिलं. ग्रेसीचं पुढे काय झालं?

अनगोळवेस

@निपाणीची_सून, तिचं हृदय कमजोर होतं. १९५८ मध्ये तिने काम थांबवलं. बर्न्सने तिच्याशिवाय स्वतःच्या नावाचा कार्यक्रम काढला, तो एका हंगामात बंद झाला. १९६४ च्या ऑगस्टमध्ये ती गेली. त्यानंतर तो साडेएकतीस वर्षं जगला. दर महिन्याला तिच्या समाधीपाशी जायचा आणि महिनाभरातलं सगळं तिला सांगायचा.

हे बाबांना सांगायला मला दोन दिवस लागले, कारण आई जाऊन सहा वर्षं झालीत. सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे शेवटपर्यंत वाक्य तिच्याकडंच टाकत होता." आणि मग आपणहून बोलायला लागले. इतके दिवस गप्प होते ते का, ते कळलं.

त्यांच्या तरुणपणी गावात एक नायक होता. दोघं एकाच वयाचे. बाबांना वाटायचं आपण त्याच्यापेक्षा चांगले नट आहोत, आणि लोकही तसं म्हणायचे. एका प्रयोगात बाबांनी त्याच्या भाषणाच्या मध्ये तो पानाचा डबा मुद्दाम वाजवला. लोक हसले. भाषण पडलं. बाबांना भरपूर टाळ्या मिळाल्या. तो नायक पुढच्या वर्षी तालमीला आला नाही, आणि नंतर कधीच आला नाही. बाबा त्याच्या घरी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्याने चहा दिला आणि शेतीबद्दल बोलला.

"त्याच्यानंतर मी डबा लोक हसताना वाजवला, कुणी बोलताना नाही," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं मला बोलावत राहिले ते त्याच्यामुळं. माझ्याबरोबर काम करायला कुणी घाबरत नव्हतं. एवढंच. तुझ्या त्या धाग्यावर लिही हे."

म्हणून लिहिलं.

चंदगडी_वाट

मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते उठून अंगणात जाऊन आले. म्हणाले, "त्या नायकाचं गाव विचार."

अनगोळवेस

विचारलं. नायक अजून आहेत, त्याच गावात. ८५ वर्षांचे.

गणपत_गल्ली_४

तर मग आपण इथे काय करतोय? माझ्याकडे गाडी आहे. रविवारी तुमच्या बाबांना घेऊन जाऊया. आणि आठवणी रेकॉर्ड करायच्याच आहेत तर दोघांना समोरासमोर बसवून करू.

अनगोळवेस

आधी मी एकटी जाऊन त्यांना विचारून येते. त्यांना नको असेल तर नको.

शहापूरचा_माग

हे बरोबर. विचारून या. कुंद्याचं मी बघतो.

अनगोळवेस

आज जाऊन आले. त्यांच्या सूनबाईंनी दार उघडलं. मी बाबांचं नाव सांगितलं तशी आतून आवाज आला, "डबा आणलाय काय त्यानं?"

रविवारी चार वाजता. @चंदगडी_वाट, मामांना आणणार असाल तर दुपारच्या बसने निघा. डबा मी माळ्यावरून काढलाय, झाकण जरा घट्ट बसतंय, खोबरेल लावून ठेवते.